हुणसूरच्या स्टँडवरून

हुणसूरला रेल्वे नाही. म्हैसूरहून पश्चिमेला निघालेला माणूस पंचेचाळीस किलोमीटरवरच्या या लक्ष्मणतीर्थ नदीकाठच्या गावात रस्त्यानेच येतो, आणि त्याच्या पलीकडचा कोडगू जिल्हा तर अख्खा रेल्वेवाचून आहे. त्यामुळे जंक्शनचं सगळं काम इथे बसस्टँड करतं. एक रस्ता पिरियापट्टण, बैलकुप्पे, कुशालनगर करत मडिकेरीच्या घाटाला लागतो. दुसरा तितिमतीच्या जंगलातून गोणिकोप्पलकडे जातो. तिसरा हनगोडूच्या अंगाने नागरहोळेच्या जंगलाच्या फाटकाशी पोचतो, चौथा दक्षिणेला हेग्गडदेवनकोटेकडे वळतो आणि पाचवा उत्तरेला कृष्णराजनगरकडे. सकाळी सातच्या सुमारास स्टँडवर उभं राहिलं, की कंडक्टरांच्या तोंडून या पाचही दिशा एकदम ऐकू येतात. कोणत्याही गाडीत चढलं तरी तासाभरात आपण एखाद्या तळ्याच्या बांधावर, टेकडीच्या पायथ्याशी किंवा जंगलाच्या कडेला असतो.

या पुस्तकातली प्रत्येक वाट अशा गाडीने गाठता येते, आणि जिथे वाट संपते तिथून परतीची गाडी मिळते. वाटा निवडताना पाळलेली अट एवढी एकच. अट साधी दिसते, पण तिने पुस्तकाचा सगळा घाट ठरवला, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगायला हवं.

मी मूळची जुन्नरची. आमच्या लहानपणी डोंगरात जाणं आणि एसटीत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. जीवधनला किंवा नाणेघाटात जायचं, तर आदल्या संध्याकाळी घाटघरची मुक्कामी गाडी पकडायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, आम्ही देवळात पथाऱ्या पसरायचो, आणि पहाटे ती गाडी दूधवाल्यांना आणि शाळेच्या पोरांना घेऊन परत निघायची, तेव्हा आम्ही उलट्या दिशेने चालू लागलेलो असायचो. मराठीत डोंगरांवर लिहिलेली जुनी पुस्तकं काढून पाहा. वाटेचं वर्णन बहुधा एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून सुरू होतं. वेल्हे, विंझर, राजूर, बामणोली ही नावं कितीतरी मराठी माणसांना गावं म्हणून कळण्याआधी गाडीच्या पाटीवरची अक्षरं म्हणून कळलेली आहेत. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. म्हैसूर राज्याच्या सरकारी वाहतूक खात्याने त्याच वर्षी १२ सप्टेंबरला १२० गाड्यांनिशी सुरुवात केली, आणि १९६१ साली त्या खात्याचं महामंडळ झालं. म्हणजे जुन्नरच्या आणि हुणसूरच्या लाल गाड्या एका वयाच्या आहेत. लग्नानंतर म्हैसूरला आले, पाट्या वाचता येईनात, तरी स्टँडवर पाय ठेवल्यावर परकं वाटलं नाही, याचं कारण बहुधा हेच असावं.

आता घरोघरी गाड्या झाल्या, आणि डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गाड्यांची रांग पाहिली की लोक बसने का येत नाहीत असा प्रश्नही कुणाला पडत नाही. मला पडतो. स्वतःच्या गाडीने गेलेला माणूस खुंट्याला बांधल्यासारखा असतो. दावं लांब असेल, पण फिरून त्याला त्याच खुंट्याशी यावं लागतं. बसने गेलेला माणूस एका फाट्यावर उतरतो, दोन-तीन शिवारं ओलांडतो आणि भलत्याच रस्त्यावर निघून तिथली गाडी पकडतो. पाठीमागे काही ठेवलेलं नसतं. या पुस्तकातल्या बहुतेक वाटा अशा आरपार आहेत, एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाणाऱ्या. हुणसूरभोवतीचे पाच रस्ते पंख्यासारखे पसरले आहेत, आणि त्यांच्या मधल्या पाचरींत चालायची जागा आहे. गाडी असलेल्याला ही जागा दिसतच नाही, कारण त्याला दोन्ही टोकांचा उपयोग नसतो.

बसने चालायला जाण्याची कल्पना काही आपलीच नाही. १९३०च्या दशकात लंडनच्या वाहतूक मंडळाने शहराबाहेरच्या पायवाटांच्या पुस्तिका छापल्या होत्या, बसने किंवा रेल्वेने जा, चाला, परत या, अशा. त्याच दशकात, १९३२ साली, मँचेस्टरकडच्या कामगार तरुणांनी किंडर स्काउट नावाच्या खासगी माळावर सामुदायिक घुसखोरी करून चालण्याचा हक्क मागितला. पायवाटेच्या सार्वजनिक हक्काचा कायदा तिथे १९४९ मध्ये झाला. आपल्याकडे चालण्याचा हक्क शेतकऱ्याच्या बाजूने आलेला आहे. महाराष्ट्रात पाणंद अडवली, वहिवाटीची वाट बांध घालून बंद केली, तर आजही तहसीलदाराकडे १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागतात. कर्नाटकात गावनकाशावर या वाटा आखलेल्याच असतात. गाडीवाट ती ‘बंडिदारि’, पायवाट ती ‘कालुदारि’. कालु म्हणजे पाय, बंडि म्हणजे बैलगाडी. हे गावनकाशे भूमापन खात्याकडून कुणालाही मिळतात, आणि या पुस्तकाचा खरा आधार तेच आहेत. उपग्रहाच्या चित्रात न दिसणारी वाट नकाशावर असते, आणि जमिनीवर जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा तिथेही असते, एरंडाच्या आणि घाणेरीच्या झुडपांमधून गेलेली. कधी नसते. कुणी नांगरून टाकलेली असते. तिथे आम्ही बांधाबांधाने गेलो आणि तसं लिहिलं आहे.

बांधांवरून जाता येतं, कारण इथली शेतं लहान आहेत, आणि शेतं लहान असण्यामागे थोडा इतिहास आहे. कर्नाटकाचे एके काळचे मुख्यमंत्री देवराज अरसू हुणसूर तालुक्यातल्या कल्लहळ्ळीचे. ‘म्हैसूर’ राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘कर्नाटक’ झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत. पण या भागातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना त्यांचं नाव आठवतं ते १९७४च्या जमीन सुधारणेमुळे. त्या कायद्याने कुळं मालक झाली. आज आपण ज्या बांधावरून जाण्यासाठी घरधन्याला विचारतो, तो बहुधा तेव्हाच्या कुळाचा मुलगा किंवा नातू असतो. विचारल्याशिवाय जाऊ नये. विचारल्यावर कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत सोबत येतात.

आता नावांविषयी, कारण कानडी पाट्या वाचता येत नसल्या तरी कानडी नावं ऐकून कळू लागली की अर्धी वाट आधीच दिसते. बेट्ट म्हणजे डोंगर, गुड्ड म्हणजे टेकडी. होळे म्हणजे ओढा किंवा नदी, म्हणून नागरहोळे हा नागासारखा वळणं घेणारा ओढा. केरे म्हणजे तळं. बिळिकेरे हे म्हैसूर-हुणसूर रस्त्यावरचं गाव, म्हणजे पांढरं तळं. कट्टे म्हणजे बांध किंवा पार. हाडी म्हणजे आदिवासींची वस्ती. आणि कावल म्हणजे राखीव कुरण. हा शेवटचा शब्द हुणसूरच्या परिसरात महत्त्वाचा आहे. म्हैसूरच्या वडेयारांची बैलांची पैदास पुढे टिपूच्या काळात ‘अमृतमहाल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या गुरांसाठी राज्यभर कावलं राखलेली होती, आणि ब्रिटिश काळात हुणसूर हे अमृतमहाल खात्याचं मोठं ठाणं होतं. १८०३ साली आर्थर वेलस्ली दख्खनेत उतरला, असईला शिंद्यांशी लढला, त्या मोहिमेत त्याच्या फौजेला म्हैसूरच्या या बैलांचा मोठा आधार होता. जालना जिल्ह्यातल्या त्या रणभूमीपर्यंत गेलेल्या बैलांच्या जातीची कुरणं इथे होती, हे कळल्यावर मोकळ्या माळावरून चालताना मराठी माणसाचं पाऊल जरा थबकतं. माझं तरी थबकलं.

नकाशात पश्चिमेला आणि दक्षिणेला जो हिरवा पट्टा दिसतो, तिथे मात्र या पुस्तकात एकही वाट नाही. पुस्तक हातात घेणाऱ्याच्या मनात नागरहोळेच असणार, हे मला ठाऊक आहे. १९५५ साली अभयारण्य, १९८८ साली राष्ट्रीय उद्यान, पुढे व्याघ्र प्रकल्प. ६४३ चौरस किलोमीटरचं हे जंगल हुणसूरपासून तासाभराच्या आत सुरू होतं. त्यात पायी फिरायला बंदी आहे. ती योग्य आहे. वाघांच्या मोजणीची शास्त्रीय पद्धत आपल्या देशात रुजली ती मोठ्या प्रमाणावर याच जंगलात. कानडी लेखक शिवराम कारंतांचे पुत्र उल्हास कारंत यांनी १९८०च्या दशकापासून इथे काम केलं. त्यांची माणसं ठरावीक रेषांवरून पायी चालत चितळ-सांबर-गवे मोजत. या जंगलात पायी चालणं हे त्या अभ्यासाचं किंवा रखवालीचं काम आहे, आपल्या सुट्टीचं नाही.

पण बंदीची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. जेनू कुरुब, म्हणजे मध गोळा करणारे कुरुब, आणि त्यांच्यासारखे इतर आदिवासी या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांच्यातल्या कित्येक कुटुंबांना बाहेर वसवलं, त्यातली काही हुणसूर तालुक्यातल्याच नागापूरला. २००६च्या वनहक्क कायद्यानंतरही त्यांच्या जमिनीचा आणि जाण्या-येण्याच्या हक्काचा प्रश्न मिटलेला नाही. ज्यांच्या पायांनी जंगलातल्या वाटा पडल्या, त्यांनाच आत जायला परवानगी मागावी लागते. आपल्याला बाहेर थांबावं लागतं ते आणि त्यांना बाहेर थांबावं लागतं ते, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. हाड्यांमधून जाणारी एकही वाट आम्ही पुस्तकात घेतली नाही, ती याच कारणाने. कुणाची वस्ती हे आपलं प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

जंगल पाहायचंच असेल तर बसमधून पाहा. वीरनहोसहळ्ळीच्या फाटकातून नागरहोळेमार्गे कोडगूतल्या कुट्ट्याला जाणारा रस्ता संध्याकाळी सहा ते सकाळी सहा बंद असतो. दिवसा तिथून गाडी जाते. मध्ये कुठे उतरू देत नाहीत, काचा वर करा, खायचं बाहेर टाकू नका असं कंडक्टर सांगतो. गोणिकोप्पलच्या रस्त्यावर मत्तिगोडूचा हत्तीकॅम्प लागतो, तिथले पाळीव हत्ती पुष्कळदा गाडीतूनच दिसतात. माझ्या मते खिडकीशेजारची ही जागा इथल्या कोणत्याही महागड्या सफारीपेक्षा कमी नाही, कारण आपल्याबरोबरचे प्रवासी रोज इथून जाणारे असतात. हत्ती दिसला की तेही बोलायचं थांबतात.

जंगलाच्या कडेची शेतं हा वेगळाच प्रदेश आहे. नाचणी आणि ऊस हत्तींना आवडतात. नाचणी कणसात आली की मचाणांवर राखणदार बसतात. खंदक खणले, सौर कुंपणं घातली, आणि अलीकडे रेल्वेचे जुने रूळ उभे रोवून, आडवे जोडून भिंतीसारखं कुंपण उभं केलं. हुणसूरला रेल्वे नाही, पण रूळ आहेत, आणि ते हत्तींना अडवायला उभे आहेत. अशा कुंपणाजवळून जाणाऱ्या तीन वाटा पुस्तकात आहेत. त्या तिन्हींवर सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर असू नये, असं ठळक अक्षरांत छापलं आहे. गावकरी ‘आज नको’ म्हणाले तर तो शब्द शेवटचा मानावा आणि आल्या बसने परत फिरावं. आम्ही दोनदा फिरलो.

वाटांपैकी माझ्या मनात पहिली येते ती बेट्टदपुराची. हुणसूरच्या वायव्येला, पिरियापट्टण तालुक्यात, सपाट शेतीतून एकच सुळक्यासारखा डोंगर उठतो, समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच. वर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे. सिडिलु म्हणजे वीज. देवावर वीज कोसळते अशी इथली श्रद्धा आहे, आणि वळवाच्या दिवसांत दुपारी डोंगरावर ढग येऊन बसताना पाहिले की श्रद्धेचं मूळ कळतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ही वाट चढू नये. पायऱ्या तीन हजारांच्या घरात आहेत. त्या झिजलेल्या आहेत, कुठे कुठे हललेल्या आहेत, पण त्या दगडांवरून चढताना शेती हळूहळू खाली जाते आणि एका उंचीवर पश्चिमेच्या कोडगूच्या रांगा दिसू लागतात. पायथ्याच्या गावात संकेती ब्राह्मणांची जुनी वस्ती. त्यांची घरातली बोली तमिळ, मल्याळम आणि कानडीच्या मिश्रणातून घडलेली. म्हैसुरातल्या भावसार घरांत कानडीत मुरलेली मराठी ऐकलेल्या मला ती ऐकताना नवल वाटलं नाही. स्थलांतर करून आलेल्या माणसांची भाषा अशीच वाटेतली माती उचलत येते.

दुसरी वाट गोम्मटगिरीची. बिळिकेरे होबळीत, म्हणजे महसूल मंडळात, म्हैसूरहून वीसेक किलोमीटरवर, मोकळ्या माळावर एक खडकाळ टेकडी आहे, श्रवणगुड्ड. तिच्यावर बाहुबलीची सुमारे १८ फुटांची प्राचीन मूर्ती. श्रवणबेळगोळच्या मूर्तीच्या पायाशी मराठी अक्षरं आहेत, हे आपल्याकडे शाळेतच शिकवतात, म्हणून तिथे सगळे जातात. इथे क्वचितच कुणी येतं. कुंभोजच्या बाहुबलीला जाणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींनी म्हैसूरला आल्यावर अर्धा दिवस इकडे द्यावा. देऊळ पाहून डांबरी रस्त्याने परतू नये. टेकडीवरून दक्षिणेला शेतं दिसतात, त्यांच्यामधून हमरस्त्याला मिळणारी वाट पुस्तकात दिली आहे.

सगळ्यांत लांब वाट एका दिवसाची नाही. लक्ष्मणतीर्थ नदी कोडगूच्या ब्रह्मगिरी रांगेत, इरुप्पूच्या धबधब्याकडे उगम पावते. तहानलेल्या रामासाठी लक्ष्मणाने बाण मारून पाणी काढलं अशी कथा आहे. तिथून ती जंगल ओलांडून हनगोडूला येते, तिथल्या जुन्या बंधाऱ्यावर तिचं पाणी कालव्यात वळतं, मग हुणसूर, आणि शेवटी सागरकट्टेजवळ कृष्णराजसागराच्या फुगवट्यात कावेरीला मिळते. ही नदी आम्ही सहा तुकड्यांत चाललो, प्रत्येक वेळी बसने जाऊन, जंगलातला भाग सोडून. कुट्ट्याच्या गाडीतून इरुप्पूच्या फाट्यावर उतरून पावसाने काळ्या झालेल्या कॉफीच्या मळ्यांतून जाणं आणि महिन्याभराने सागरकट्टेच्या उघड्या पाण्याशी उभं राहणं, ही दोन टोकं एकाच नदीची आहेत यावर विश्वास बसायला पाय लागतात. पश्चिमेला छत्री उलटी करणारा पाऊस पडत असताना हुणसूरच्या पूर्वेला नुसती भुरभुर असते. हा फरक हवामानाच्या आकड्यांतून मला कधी कळला नव्हता. धबधब्यावरून ब्रह्मगिरीवर चढायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आम्ही धबधब्याशीच थांबलो.

बाकीच्या वाटा लहान आहेत. गुरुपुरा या तिबेटी वसाहतीच्या मक्याच्या शेतांमधली, चुंचनकट्ट्याच्या धबधब्याकडे कावेरीच्या काठाने जाणारी, आणि चार-पाच नुसत्या तळ्यांच्या बांधांवरच्या. त्यांचं वर्णन त्या त्या ठिकाणी आहेच.

ऋतू कोणता, हा प्रश्न येतो. माझं उत्तर ऑगस्ट ते जानेवारी. ऑगस्टमध्ये चालाल तर वाटेत तंबाखूच्या भट्ट्या पेटलेल्या दिसतील. हुणसूर-पिरियापट्टण हा व्हर्जिनिया तंबाखूचा प्रदेश आहे, हुणसूरला तंबाखूचं संशोधन केंद्रही आहे. उंच, कोंदट भट्टीघरांत पानं टांगून दिवसरात्र आच देतात, आणि त्यासाठी ढीगच्या ढीग लाकूड जळतं. पीक पैसा देतं, झाडं घेतं, हे शेतकरी स्वतः बोलून दाखवतात. भट्टीवर रात्र जागलेला माणूस सकाळी वाटसरूला चहा पाजल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

आणि बसमधल्या बायकांविषयी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली. राज्यात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी गाड्यांतून प्रवास मोफत. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. त्यानंतर या गाड्यांमधली माणसं बदलली. माहेरी, देवाला, दवाखान्यात जाणाऱ्या बायका तर वाढल्याच, पण बेट्टदपुराच्या पायऱ्यांवर एका रविवारी मला शेतमजुरी करणाऱ्या सहा जणी भेटल्या. डोंगर रोज शेतातून दिसायचा, वर कधी गेलो नव्हतो, आता तिकीट लागत नाही म्हणून आलो, असं त्या म्हणाल्या. आमच्या मागून निघून आमच्या आधी वर पोचल्या. महाराष्ट्रातून येणाऱ्या वाचक बायकांना तिकीट काढावं लागेल. पण आपल्याकडे मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालंच आहे. त्या अर्ध्या तिकिटावर जुन्नर, भोर, पाटणच्या स्टँडवरून किती जणी डोंगराकडे निघाल्या, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

गाड्यांच्या वेळा या पुस्तकात छापलेल्या नाहीत. छापल्या असत्या तर पुस्तक बाजारात येईपर्यंत चुकल्या असत्या. शाळा सुरू झाल्या की वेळा बदलतात, जत्रा आली की बदलतात, रस्ता वाहून गेला की गाडीच बंद होते. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन गावाचं नाव सांगावं आणि ‘लास्ट बस एष्टु गंटेगे?’ म्हणजे शेवटची गाडी किती वाजता, एवढं विचारावं. तेच उतरताना कंडक्टरला पुन्हा विचारावं, आणि तिसऱ्यांदा थांब्याशेजारच्या चहावाल्याला. तिघांच्या उत्तरांत फरक पडला तर सगळ्यांत लवकरची वेळ खरी धरावी आणि त्याच्या अर्धा तास आधी फाट्यावर येऊन बसावं. मी एकदा हे केलं नाही. दिवे लागल्यावर एका अनोळखी घराच्या ओट्यावर बसले होते. घरातल्या आजींनी नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि सार वाढलं, दुधाच्या टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलं आणि त्याच्या शेजारी मला बसवून देताना त्याला माझ्यादेखत दोनदा बजावलं, स्टँडवर नेऊन सोड, मधेच नको.